जहाजातली खोली

नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही टेकडीवर उभे राहिले तरी समुद्र दृष्टीस पडत नाही. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यांच्या पलीकडे नर्मदा, मध्यभागी तापीचे सुपीक खोरे आणि पश्चिमेस नवापूरकडील वनप्रदेश अशी या भूमीची ठेवण आहे. तथापि समुद्राशी असलेला तिचा संबंध फार जुना होय. प्रकाशे येथील पवित्र घाटांवरून वाहणारी तापी सुरतेपाशी सागरास मिळते. आणि सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोगल काळचा राजमार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर या गावांवरून जात असे. इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो याच मार्गाने गेला. त्याचा मुक्काम नंदुरबारास पडला, तेव्हा समुद्र सोडून त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्यापूर्वी सुमारे सहा महिने ‘लायन’ नावाच्या गलबतावरील एक खोली हेच त्याचे घर होते.

नंदुरबारच्या वाटेने असे कितीतरी प्रवासी गेले. त्यांच्या प्रवासवर्णनांत आपल्याकडील बाजार, नद्या व पिके यांचा उल्लेख सापडतो, म्हणून इतिहासाचे अभ्यासक ती आवडीने वाचतात. परंतु हे लोक ज्या लहानशा लाकडी खणांत बसून येथवर पोहोचले, त्या खणांचाही एक इतिहास आहे. जहाजावर कोणती जागा घ्यावी, हा प्रश्न समुद्रपर्यटन करणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे आला. त्याला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे पाहिली म्हणजे त्या त्या काळच्या समाजाचे चित्रही डोळ्यांपुढे उभे राहते.

प्रथम आपल्याच देशातील जहाजांचा विचार करू. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नंदुरबारची नोंद केली आहे. त्याच ग्रंथात जहाजावरील अधिकाऱ्यांचीही तपशीलवार माहिती आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, ज्याला आपले कोळी बांधव नाखवा म्हणतात. मुअल्लिम म्हणजे दिशा व खोली जाणणारा वाटाड्या. त्याखालोखाल तांडेल व सारंग. करानी नावाचा लेखनिक जहाजाचा हिशेब ठेवी आणि उतारूंना पिण्याचे पाणी मोजून देई. ‘नाखुदा-खशब’ हा उतारूंना जळाऊ लाकूड व गवत पुरवी. यावरून उतारू आपला स्वयंपाक आपणच करीत, आणि जहाजाकडून त्यांना मिळे ते मुख्यतः जागा, पाणी व सरपण, असे दिसते.

या जागेला तेथे ‘मलीख’ असा शब्द आहे. मलीख म्हणजे जहाजाचा एक खण. त्यात माणसेही राहात व मालही भरला जाई. बंगालमधील सातगाव बंदरात नाखुद्याला चारशे रुपये आणि शिवाय चार मलीख मिळत, मुअल्लिमास दोनशे रुपये व दोन मलीख, तर करान्यास पन्नास रुपये व एक मलीख. आपल्या वाट्याच्या खणांत माल भरून नाखुद्याने त्याचा नफा घ्यावा, अशी ही पद्धत होती. पगाराचा काही भाग नाण्यांत आणि काही भाग जागेत द्यावयाचा, या व्यवस्थेत समुद्रप्रवासाचे एक मूलतत्त्व दडलेले आहे. जमिनीवर घर वाढविता येते, तंबू आणखी एक ठोकता येतो. जहाजाच्या भिंती मात्र एकदा बांधल्या की त्यांत वीतभरही भर पडत नाही. म्हणून तेथील प्रत्येक हात जागेसाठी माणूस आणि माल यांची स्पर्धा चालते.

या स्पर्धेचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातच मिळते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरील नवापूरचे वर्णन लिहून ठेवले आहे. विणकरांनी भरलेले हे मोठे गाव असून तेथील मुख्य व्यापार तांदळाचा आहे, तो तांदूळ बारीक दाण्याचा असून त्याला कस्तुरीसारखा सुवास येतो, आणि इराणात कोणास नजराणा पाठवावयाचा झाला तर या तांदळाचे पोते नेतात, असे तो सांगतो. आता हे पोते इराणात जावयाचे ते जहाजातूनच. नाखुद्याच्या मलीखात सुवासिक तांदळाची पोती ठेवावीत की भाडे देणारा एखादा यात्रेकरू, याचा निर्णय नफ्याकडे पाहून होत असणार. रोच्या पदरी असलेला पाद्री टेरी लिहितो की, सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारी मोठी जहाजे चौदाशे ते सोळाशे टनांची असत आणि त्यांतून सतराशेपर्यंत माणसे येत. त्या गर्दीत स्वतःसाठी वेगळा खण घेऊ शकणारे मूठभरच. बाकीच्यांनी मोकळ्या फळ्यांवर पथारी पसरावयाची.

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरही हीच रीत वेगळ्या नावाने चालू होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरही उतारूंच्या खोल्यांचे भाडे ठरविणे व घेणे ही पुष्कळ अंशी कप्तानाची स्वतःची मिळकत असे. खोली मिळे ती रिकामी. खाट, मेज, खुर्ची, दिवा, हात धुण्याचे भांडे, सर्व काही उतारूने विकत घेऊन आणावे, आणि वादळात ते अंगावर कोसळू नये म्हणून जमिनीला बांधून टाकावे. खोल्यांच्या भिंती बहुधा पातळ फळ्यांच्या किंवा नुसत्या कापडाच्या असत. शत्रूचे जहाज दिसले की तोफांना वाव मिळावा म्हणून या भिंती पाडून जहाज मोकळे करीत. शेकडो रुपये मोजून घेतलेली खोली अशा वेळी घटकाभरात नाहीशी होई.

मानाच्या जागा जहाजाच्या पिछाडीस असत. तेथे दोन मजले होते. वरच्या मजल्यावरील खोल्यांना उजेड व वारा भरपूर मिळे आणि समुद्र खवळला तरी खिडक्या बऱ्याच वेळ उघड्या ठेवता येत. म्हणून स्त्रिया त्या पसंत करीत. पण त्यांच्या माथ्यावरच खलाशांची धावपळ चाले आणि कोंबड्यांची खुराडी ठेवलेली असत, त्यामुळे पहाटेची झोप दुर्लभ. खालच्या मजल्यावरील मोठ्या दालनात आवाज कमी व हेलकावेही थोडे कमी; मात्र लाटा वाढल्या की तेथील खिडक्या बंद कराव्या लागत, आणि मग उष्ण कटिबंधातील उकाड्यात तेथे जीव गुदमरे. वारा हवा तर आवाज सोसावा, आणि शांतता हवी तर उकाडा सोसावा, असा हा सौदा होता. अशा सौद्यांत नवख्यांची फसगत होऊ नये म्हणून मार्गदर्शक पुस्तके निघू लागली. एमा रॉबर्ट्स या इंग्रज लेखिकेने १८३९ साली हिंदुस्थानास निघालेल्या प्रवाशांसाठी असेच एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १८४० च्या सप्टेंबरात, या बाईंचा पुण्यात अंत झाला.

तोपर्यंत वाफेचे युग उगवले होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात मावणारा कोळसा पाचसहा दिवसांपुरता, आणि एडनपर्यंतचाच प्रवास त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवसांचा. तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरण्यात आला. एके काळी तांदळाच्या पोत्यांनी मलीख व्यापावा, तसा येथे कोळशाने माणसाचा खण व्यापला. एका महिन्याहून थोड्या अधिक काळात ती सुएझला पोहोचली आणि आगबोटीचा मार्ग शक्य आहे हे सिद्ध झाले. पण वाफेवर चालणाऱ्या जहाजात माणसाला पुरेशी जागा मिळण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली.

आगबोट आली तरी खोल्यांची जुनी रीत एकदम सुटली नाही. शिडाच्या जहाजात पिछाडी मानाची, म्हणून आगबोटीतही पहिल्या वर्गाच्या खोल्या पिछाडीसच ठेवल्या जात. परंतु पाण्याखालचा पंखा फिरू लागल्यावर त्याची सारी थरथर त्याच भागात जाणवू लागली. जास्त पैसे देणाऱ्यास जास्त त्रास, असा विचित्र प्रकार झाला. १८७१ साली ‘ओशनिक’ या अटलांटिक महासागरातील जहाजाने पहिल्या वर्गाची व्यवस्था मध्यभागी आणली. आणि मानाची जागा व सोयीची जागा यांची अखेर गाठ पडली.

मध्यभाग चांगला का, हे समजण्यास मोठे शास्त्र नको. तराजूची दांडी हलते तेव्हा पारडी वरखाली जातात, पण जेथे ती धरली आहे तो मधला बिंदू जागच्या जागी राहतो. लाटांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या जहाजाचेही तसेच आहे. नाळेकडील व पिछाडीकडील खोल्या हातच्या हात वर उचलल्या जातात, मधल्या खोल्या फारच थोड्या. लाट बाजूने लागली तर जहाज पाळण्यासारखे झुलते, आणि मग जितके उंच जावे तितका झोका मोठा. म्हणून ज्याला समुद्र लागतो त्याने मध्यभागाची व शक्यतो खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, हा नियम ठरला. प्रचंड जहाज एका वेळी अनेक लाटांवर आडवे पडते, त्यामुळे त्यात चार खोल्या इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. लहान जहाज मात्र प्रत्येक लाटेबरोबर उठते व बसते. तेथे या निवडीला खरे महत्त्व आहे.

दुसरा प्रश्न बाजूचा. मुंबईहून एडनला निघालेले जहाज पश्चिमेकडे जाते, तेव्हा त्याची उजवी बाजू उत्तरेस व डावी दक्षिणेस असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने डाव्या खोल्या दिवसभर तापतात. पुढे तांबड्या समुद्रात जहाज वायव्येस वळले की उजवीकडे सकाळचे ऊन येते आणि डावीकडे दुपारचे. सकाळी तापलेली लोखंडी भिंत रात्रीपर्यंत निवते. दुपारी तापलेली भिंत झोपेच्या वेळी आपली उष्णता आत सोडते. म्हणून विलायतेस जाताना उजवी बाजू घ्यावी व परत येताना डावी, असे अनुभवी लोक सांगत. इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द याच नियमाच्या आद्याक्षरांवरून निघाला अशी आख्यायिका लोकप्रिय आहे. पण जहाजांच्या तिकिटांवर ती अक्षरे छापल्याचा पुरावा सापडलेला नाही. शिवाय नियमालाही ऋतूची मर्यादा आहे. मे महिन्याच्या मध्यास मुंबईवर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तो उत्तरेस सरकतो. त्या दिवसांत दोन्ही बाजू सारख्याच तापतात. मग डाव्या बाजूची खरी अडचण ऊन ही नसून नैर्ऋत्येचा मोसमी वारा ही असते. त्याच्या माऱ्याने तिकडील खिडक्या घट्ट लावून ठेवाव्या लागत.

तिसरा विचार सोबतीचा, आणि आपल्याकडील कुटुंबांनी तोच सर्वांत मोठा मानला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी ‘क्लाइड’ आगबोटीने विलायतेस निघाले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. त्र्यंबकराय मजमुदार हे जुनागडचे प्रौढ वकील ज्या खोलीत होते, त्याच खोलीत मित्रांनी त्यांची जागा राखून ठेवली आणि या अननुभवी मुलाकडे लक्ष ठेवण्यास वकिलांना सांगितले. इंग्रजी बोलण्याचा संकोच व खाण्यापिण्याचा विधिनिषेध यांमुळे हा तरुण जेवणाच्या दालनात न जाता बरोबर आणलेली मिठाई व फळे आपल्या खोलीतच खाई. ज्या घरातून मुलगा प्रथमच समुद्रापार जात होता, त्या घराला खिडकीच्या दिशेपेक्षा शेजारच्या खाटेवर कोण आहे याचीच काळजी अधिक. पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने जाताना याच गांधींनी दुसऱ्या वर्गातून प्रवास केला आणि रात्री उघड्या डेकवर निद्रा घेतली.

उघडा डेक ही त्यांनी आपखुशीने घेतलेली जागा होती. कोकणच्या लाखो माणसांपुढे मात्र दुसरा पर्याय नव्हता. मुंबईपासून दक्षिणेकडे बंदरोबंदरी जाणाऱ्या आगबोटींनी कोकणचा चाकरमानी आपल्या गावी पोहोचत असे. शेफर्डची कंपनी आणि तिच्याशी टक्कर देण्यासाठी स्वदेशीच्या काळात निघालेली व लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलीशी केलेली मंडळी, या दोहोंची नावे तेव्हा घरोघर ठाऊक होती. या लहान बोटींत वरच्या वर्गाच्या खोल्या थोड्या. बहुतेक उतारू डेकवर वळकटी पसरून बसत. तेथेही जाणता माणूस जागा निवडीच. दक्षिणेकडे जाताना डाव्या हातास किनारा असतो आणि दुपारचे ऊन उजवीकडून येते, म्हणून जाताना डावी बाजू. पश्चिमेची लाट आडवी लागून बोट झुलते, म्हणून नाळेपासून दूर, मध्यावर बसावे. भट्टीचा धूर वाऱ्याने कोणीकडे जातो ते पाहावे. हे शहाणपण कोणत्याही पुस्तकात छापले गेले नाही. वडीलधाऱ्यांकडून ते मुलांना मिळे.

या शहाणपणाची मर्यादा १७ जुलै १९४७ या दिवशी कठोरपणे दिसून आली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ती सुमारे चारशे टनांची लहान बोट उतारूंनी भरून गेली होती. पावसाळी वारा व उसळता समुद्र यांत लाटांचा मारा बसू लागताच माणसे घाबरून एका बाजूस सरकली, बोट कलंडली आणि अर्ध्याएक तासाच्या प्रवासानंतर काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. किनारा इतका जवळ असूनही ही वार्ता मुंबईस पोहोचण्यास कित्येक तास लागले. त्यापूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

या प्रसंगांतून जो बोध निघतो तो खोलीच्या निवडीशीच निगडित आहे. उतारूने कितीही विचारपूर्वक जागा घेतली, तरी ती जागा ज्या बोटीत आहे तिचा तोल सर्व उतारूंचा मिळून असतो. एका माणसाची सोय त्याच्या खोलीवर अवलंबून असेल. त्याची सुरक्षितता शेजारच्या शेकडो माणसांना पुरेशी जागा मिळाली आहे की नाही यावर अवलंबून असते. म्हणून जहाजावर माणशी किती जागा असावी हे भाडे घेणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता कायद्याने ठरवावे लागले. हजच्या यात्रेकरूंसाठी १८९५ साली आपल्या देशात झालेला कायदा हा अशाच प्रयत्नांपैकी एक होय. मलीखाचा व्यवहार नाखुद्याच्या नफ्यातून निघाला. उतारूच्या हक्काची मोजपट्टी त्याला पुढे तीनशे वर्षांनी लागली, आणि कायदा झाल्यावरही तो पाळला जाण्यासाठी बळी पडावेच लागले.

अलीकडच्या काळात कोकण किनाऱ्याने प्रवास करण्याची हौस पुन्हा जागी झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटकांचे जहाज सुरू झाले. त्यात एकशे चार खोल्या होत्या. समुद्र दिसणाऱ्या खोल्यांपासून अनेकांनी मिळून झोपण्याच्या दालनापर्यंत सर्व प्रकार त्यात होते. ते जहाज काही वर्षांतच बंद पडले; पण अशा लहान जहाजातून जाऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने विचारावयाचे प्रश्न बदललेले नाहीत. खोली मध्यभागी आहे की टोकास, वर आहे की खाली? यंत्राचा आवाज तेथे पोहोचतो काय? जाताना व येताना ऊन कोणत्या बाजूस येईल? डोक्यावरच्या मजल्यावर लोक रात्री वावरतात काय? आणि दिवे गेले असता तेथून वर येण्याचा जिना किती पावलांवर आहे? खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे मोल या सर्वांनंतर करावे.

ज्या जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही, त्यालाही आता बोटीतील जागेचा प्रश्न नवीन राहिलेला नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठच्या कित्येक गावांच्या वाटा पाण्याखाली गेल्या. तेथील वस्त्यांपर्यंत औषधे व वैद्यकीय मदत नेण्यासाठी तरंगत्या दवाखान्याची योजना करावी लागली. अशा बोटीत सर्वांत स्थिर, सावलीची व दारापाशी असलेली जागा रुग्णास द्यावी लागते, हे कोणास सांगावे लागत नाही. तेथे जागेचा क्रम पैशाने ठरत नाही, गरजेने ठरतो. नाखुद्याच्या चार मलीखांपासून निघालेल्या या दीर्घ इतिहासात जागावाटपाची सर्वांत न्याय्य रीत नंदुरबारच्या या नदीपात्रात पाहावयास मिळते.